धावणाऱ्यांचे प्रश्न: साताऱ्यासाठी कुठला प्लॅन धरू?

प्रश्न: ताई नमस्कार. वय ४१, बँकेत नोकरी, सांगलीत राहतो. आठवड्यातून तीनदा ५ किमी पळतो, दोन वर्षं झाली, कधी त्रास नाही. जोशात येऊन सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (२१ किमी) नाव टाकलं, अजून १४ आठवडे आहेत. अॅपवर टार्गेट २ तास टाकलं तर त्याने पाच दिवस पळायला लावलं, त्यात इंटरव्हल, टेम्पो असलं जोरात पळायचं काय काय, आणि तिसऱ्याच आठवड्यात नडगी दुखायला लागली. ग्रुपवर एक जण म्हणतो माझा प्लॅन घे, दुसरा म्हणतो कोच लाव. काय करू?

उत्तर: आधी नडगीचं बघू. दुखणं लांबवर पसरलेलं असेल, पळून झाल्यावर ठसठसत असेल तर आठवडाभर पळणं बंद, सायकल चालेल. पण एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, नुसतं चालतानाही दुखतंय, तर सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जा, हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती अंगावर काढायची नसते.

आता प्लॅन. तुम्ही अॅपला २ तास सांगितलं, पण आज आठवड्याला १५ किमीच पळता हे नाही सांगितलं, घोळ तिथेच झाला. कुठल्याही प्लॅनचा पहिला आठवडा उघडायचा, तो तुमच्या गेल्या महिन्यातल्या आठवड्यासारखा दिसला पाहिजे, थोडा सोपा वाटला तर अजून बरं. आणि साताऱ्याला पहिल्यांदाच जाताय ना, मग ते दोन तास विसरा.

मी तुमच्या जागी असते तर तीनच दिवस पळले असते. मंगळवार, गुरुवार ५-६ किमी आणि रविवारी लाँग रन. रविवारचा ७ पासून सुरू करा, दर आठवड्याला एक-दीड किमी वाढवा, दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा, असं करत १६-१७ पर्यंत न्या आणि शेवटचे दोन आठवडे हात आखडता घ्या. स्पीड किती, तर काल घरी जेवायला काय होतं ते सोबतच्याला पळता पळता पूर्ण सांगता आलं पाहिजे, नुसतं हं हं करत असाल तर तुम्ही फास्ट पळताय. इंटरव्हल वगैरे यंदा नकोच.

खरी गंमत घाटाची आहे. साताऱ्याचा रूट म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून त्याच रस्त्याने खाली यायचं. चढाला सगळे घाबरतात पण मांड्या जातात उतारावर, कारण उतरताना स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकही मारत असतात, आणि ही सवय सपाटीवर कितीही किमी पळलात तरी लागत नाही. सांगली पडली कृष्णाकाठची, एकदम सपाट. म्हणून एकाआड एक रविवारी मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरावर जा, चढ दमलात की बिनधास्त चाला, उतार छोटी पावलं टाकत पळा. नाहीच जमलं तर गुरुवारी एखादा फ्लायओव्हर सात-आठ वेळा वरखाली करा, लोक बघतात, बघू देत.

नेटवरचे फुकट अमेरिकन प्लॅन वाईट नसतात, फक्त मैलात आहेत की किमीत ते बघून घ्या. माझ्या पहिल्या हाफला मी रविवारच्या खान्यात १० बघून १० किमी पळत बसले, ते निघाले १० मैल, म्हणजे १६ किमी. रेसमध्ये १४ नंतर एका आजोबांनी मला चालत मागे टाकलं, वर "चला ताई, आलंच" म्हणाले, काही आलं नव्हतं.

कोच जरूर लावा, पण तुमचा मागचा महिना आणि जुनी दुखणी न विचारता ज्याने थेट पीडीएफ पाठवली त्याला नको, ते पैसे बुटांना ठेवा.

प्रश्न: टाटा मुंबई मॅरेथॉनची फुल (४२ किमी) करतोय, पहिलीच. गणपतीला गावी गेलो, प्लॅनमधले सहा दिवस बुडाले. भरून कसे काढू? – एक डोंबिवलीकर

उत्तर: काढूच नका. बुडाले ते बुडाले, पुढच्या आठवड्यापासून चालू करा, दोन आठवडे गेले असते तर मात्र दोन पायऱ्या मागे जा म्हटलं असतं. रेस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, तिथून प्लॅनचे १८ आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो, म्हणजे नवरात्र, दिवाळी सगळं प्लॅनच्या पोटातच, तेव्हा अजून दिवस बुडणार हे आत्ताच धरून चाला. मधले छोटे रन गेले तर जाऊ देत, रविवार सोडू नका. ३० ते ३२ किमीचे दोन रन झाले तरी पुरे. आणि त्यांच्या शेवटी एखादा पूल चढायची सवय करा, कारण पेडर रोडचा चढ फुलवाल्यांना परतीच्या वाटेवर लागतो, ३० किमी कधीच ओलांडून पाय संपल्यावर.