माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या यूट्यूब हिस्टरीत समलिंगी जोडप्यांचे व्हिडिओ दिसले. मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायच्या गूगलच्या फॅमिली लिंक ॲपवरून हे सगळं बंद करावं का?

विषय म्हणून बंद करू नका. वयाची बंधनं मात्र जरूर ठेवा.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि घरात याच वयाची मुलगी आहे. तिच्या फोनवर फॅमिली लिंक आहे. रात्री ठरल्या वेळी फोन बंद होतो, नवं ॲप मला विचारल्याशिवाय येत नाही. अश्लील व्हिडिओ, अनोळखी माणसांचे मेसेज, फोटोची मागणी, यांवर माझा पहारा कडक आहे, मग समोर कोणीही असो. पण दोन पुरुष मिळून स्वयंपाक करताहेत, आईवडिलांना कसं सांगितलं ते बोलताहेत, यात मुलापासून लपवण्यासारखं काय आहे?

फिल्टरला हा फरक कळतोच असंही नाही. २०१७ मध्ये यूट्यूबच्या रिस्ट्रिक्टेड मोडने, म्हणजे मुलांसाठी नको ते व्हिडिओ गाळणाऱ्या सोयीने, एलजीबीटी लोकांचे अगदी साधे व्हिडिओही लपवले होते. ओरड झाल्यावर कंपनीने चूक मान्य केली.

मला खरी भीती वाटते ती खालच्या कमेंट्सची. 'छक्का' म्हणणाऱ्याला तिथे लाइक्स मिळतात आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द वर्गातल्या एखाद्या हळव्या मुलाच्या मागे लागतो. मुलांची मतं तिथे घडताहेत, आणि आपण घरात गप्प बसलो तर तेवढंच त्यांच्या कानावर पडतं.

म्हणून मुलाशी बोला. हिस्टरी पाहिली हे लपवू नका, सरळ सांगा. नाहीतर तो मित्राच्या फोनवर बघेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. या कमेंट्स वाचून त्याला काय वाटतं ते विचारा. तो स्वतः समलिंगी असेल, मित्रासाठी पाहत असेल किंवा नुसतं कुतूहल असेल. त्याच दिवशी उत्तर मिळालंच पाहिजे असा हट्ट नको. व्हिडिओ बघून कोणी समलिंगी होत नाही, आणि हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

कोणाचा सल्ला घ्यावासा वाटला तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. 'मुलाला यातून बरा करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मात्र जाऊ नका. असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलेलं आहे.