ताप आला, लाइनमुळे का?

प्रश्न : वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय. मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, पोषणही तिच्यातूनच. काल हुडहुडी भरून ताप आला. मधुमेहामुळे लाइनमध्ये जंतुसंसर्ग झाला असेल का?

उत्तर : शक्य आहे. मधुमेहाचा वाटा असतोच, पण अतिदक्षता विभागात मी आधी विचारते : लाइन किती दिवसांची आहे, आणि अजून लागतेय का? दिवस वाढतात तसा धोका वाढतो. शिरेतून दिलेलं पोषण म्हणजे जंतूंना आयतं ताट. घाईत घातलेली किंवा जांघेतली लाइन तर आणखी जोखमीची. मानेत वेगळीच पंचाईत : दाढीचे खुंट वाढले की ड्रेसिंगची कड उचलली जाते. ती कड तुम्हीही बघा; सुटलेली, ओली दिसली तर सिस्टरना लगेच सांगा. इंजेक्शन देताना लाइनचं तोंड स्पिरिटने घासून सुकू देतात ना, हे विचारायला संकोच नको. (आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.)

मात्र ताप जखमेचा, छातीचा, लघवीचा किंवा आतड्याची शिवण गळल्याचाही असू शकतो. म्हणून अँटिबायोटिकपूर्वी लाइनमधून आणि हातातून एकाच वेळी रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, पाठवतात. लाइनमधल्या रक्ताच्या बाटलीत जंतू हातातल्या रक्तापेक्षा किमान 2 तास आधी वाढले, तर संशय लाइनवरच.