मॉडेल चुकलंय की विमानच तसं होतं?

गेल्या अंकात राइट बंधूंच्या 1903 च्या ‘फ्लायर’ विमानाचा प्लॅस्टिक किट कसा जोडायचा ते लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आलीत. बहुतेकांचं म्हणणं एकच, की मॉडेल वाकडं होतंय, सरळ कसं करू.

प्रश्न : माझ्याकडे जुना 1/39 स्केलचा किट आहे. नुसता लावून बघितला तर दोन्ही पंखांची टोकं मधल्यापेक्षा खाली झुकलेली दिसतायत, आणि उजवी बाजू डावीपेक्षा अडीच-तीन मिलीमीटर जास्त भरते. टोकं गरम पाण्यात घालून सरळ करावीत आणि उजवीकडचं जास्तीचं कापून टाकावं असा विचार आहे. बरोबर ना? (सांगली)

उत्तर : थांबा! करवत खाली ठेवा आधी. तुमचा किट चांगला निघालाय, आणि तुम्ही त्याचं बरोबर असलेलं तेवढंच नेमकं दुरुस्त करायला निघालात.

खऱ्या विमानात इंजिन मधोमध नव्हतं, जरा उजवीकडे होतं, आणि चालवणारा त्याच्या डावीकडे पोटावर झोपायचा. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून ती बाजू खाली जाऊ नये यासाठी उजवा पंख डाव्यापेक्षा 4 इंच लांब ठेवला होता. एकूण लांबी 40 फूट 4 इंच, म्हणजे 1/39 मध्ये साधारण 315 मिमी, आणि ते 4 इंच म्हणजे 2.6 मिमी. तुमची पट्टी बरोबर सांगतेय. टोकं झुकलेली तीही मुद्दाम, आडवा वारा पंखाखाली शिरून विमान कलंडवू नये म्हणून. नंतरच्या काळातली विमानं बघून आपल्या डोळ्याला टोकं वर उचललेली बघायची सवय झालीय, त्यामुळे हे चुकलेलं वाटतं.

आता खरंच वाकलेला पंख कसा ओळखायचा? सपाट काचेवर ठेवा आणि दोन्ही टोकं किती खाली आहेत ते मोजा. सारखी असतील तर हात लावू नका. एकच बाजू खाली असेल किंवा पंखाला पीळ पडला असेल तर ते साच्यातून निघताना नाहीतर खोक्यात दबून झालेलं असतं, तेव्हा चांगलं कढत पाणी घ्या, उकळतं मात्र नको, त्यात अर्धा मिनिट धरा, हाताने हवं तितकंच वळवा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. एका फटक्यात होत नाही, थोडं थोडं करत जायचं.

ज्यांच्या किटमध्ये दोन्ही बाजू सारख्याच आहेत त्यांनी काय करायचं? शिस्तीत करायचं तर उजव्या टोकाला प्लॅस्टिक शीटचा तुकडा चिकटवायचा, पुटी, पॉलिश पेपर, आणि हे वरच्या खालच्या दोन्ही पंखांना. मी तर करणार नाही. अडीच मिलीमीटर कुणी पट्टी लावून बघत नाही, तीच मेहनत तारांवर घाला.

प्रश्न : तारांचंच विचारायचं होतं. वरच्या-खालच्या पंखांमधल्या खांबांच्या सगळ्या चौकटीत फुल्या मारून तारा ओढल्या तर चालेल ना? आणि दोरा कुठला घेऊ? (पुणे)

उत्तर : नाही चालणार, आणि ही चूक मी प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या मॉडेलवर पण बघितलीय. पुढच्या रांगेतल्या खांबांमध्ये फुल्या आहेत, ती बाजू घट्ट. मागच्या रांगेत मात्र बाहेरच्या चौकटी मोकळ्या, कारण वळण्यासाठी अख्खा पंखच पिळला जायचा. चालवणारा कमरेखालचा पाळणा डावी-उजवीकडे सरकवायचा, त्याला जोडलेल्या तारा पंखाचं मागचं टोक खाली-वर ओढायच्या आणि मागची दोन सुकाणंही त्याच पाळण्याने वळायची. तिथे फुली मारलीत तर तुमचं विमान वळूच शकणार नाही, कपाटात का असेना.

शिवणाचा दोरा नको, त्याला लव असते आणि रंगवल्यावर ती उभी राहते. बारीकातला बारीक तंगूस घ्या नाहीतर किटच्याच फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून हळू ओढा, केसासारखी तार निघते. भोकं पंख जोडायच्या आधी पाडून घ्या, पंख रंगवून पण आधीच घ्या, आणि वरचा पंख बसवताना जाड पुठ्ठ्याचे दोन साचे कापून मध्ये उभे करा म्हणजे खांब सुकेपर्यंत काही सरकत नाही. सुपरग्लू सुईच्या टोकावर येईल तेवढाच.

प्रश्न : मी वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये खरं विमान दोनदा बघून आले, पण फोटोत कापड कधी पिवळट येतं कधी करडं. रंग कुठला धरू? (व्हर्जिनिया)

उत्तर : तुमचा हेवा वाटतो. पण तिथे जे कापड दिसतं ते 1903 चं नाहीच. ऑर्विल राइटने 1927 च्या सुमाराला नवीन कापड चढवलं, मग विमान 1928 ला लंडनला गेलं, 1948 ला परत आलं, आणि 1985 च्या दुरुस्तीत पुन्हा कापड बदललं. मधे 1913 च्या डेटनच्या पुरात सगळे भाग पेट्यांसकट चिखलात बुडाले होते ते वेगळंच. तेव्हा फोटोचा रंग धरू नका. मूळ कापड साधं सुती, न रंगवलेलं, वरून वॉर्निश वगैरे काही नाही, म्हणजे कोऱ्या मांजरपाटाचा रंग. पांढऱ्यात थोडा बफ म्हणजे फिकट पिवळट-तपकिरी रंग मिसळा, वरून एकदम मॅट. चकाकी आली की संपलं.

प्रश्न : दादा मी आठवीत आहे. माझे दोन्ही पंखे वेगवेगळ्या बाजूला वळलेले आहेत, किटमध्ये चूक आहे का? (नाशिक)

उत्तर : चूक नाही रे, तसेच असतात. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरायचे म्हणून पाती आरशातल्यासारखी उलटी. इंजिन एकच, त्याच्यापासून सायकलसारख्या दोन चेन, त्यातली एक इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून नेली की तो पंखा उलटा फिरणार. फक्त दोन्ही मागच्या बाजूला लाव, ते विमानाला ढकलतात, ओढत नाहीत. आणि ती आडवी शेपटीसारखी जोडी पुढेच लावायची, मित्र हसले तर हसू दे.

प्रश्न : चाकं मिळाली नाहीत. दुकानदाराकडे मागू का? (कोल्हापूर)

उत्तर : नका मागू, चाकं नव्हतीच. खाली लाकडी घसरपट्ट्या होत्या आणि विमान 60 फुटी लाकडी रुळावरून सुटायचं. रूळ करायचा असेल तर 1/39 मध्ये 469 मिमी लांब होतो, म्हणून बेसची फळी निदान दोन फुटी घ्या आणि वर बारीक चाळलेली रेती फेव्हिकॉलवर भुरभुरा, हे विमान जिथे उडालं त्या किल डेव्हिल हिल्सला सगळीकडे रेतीच.