दोन मिनिटांत "झालं बाई!", मग ओळख कधी होणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. दिवाळीनंतर वर्गात तीन नवीन मुलं आलीत, दोघं ऊसतोड टोळीबरोबर बीडकडून, आणि एक मुलगी कोइमतूरहून, तिच्या वडलांचं तिकडं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान होतं, घरी मराठी बोलतात पण तिला मराठी वाचता येत नाही. जुनी मुलं ह्यांच्यात मिसळेनात म्हणून जोड्या लावून एकमेकांची मुलाखत घ्यायला लावली, फळ्यावर दहा प्रश्न लिहून दिले, नाव, आवडता रंग, आवडता खाऊ, बाबा काय करतात असे. दोन मिनिटांत सगळ्यांचं "झालं बाई!" वह्या भरल्या आणि नवीन मुलं परत कोपऱ्यात. आता काय करू? – एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : बाई, उपक्रम अजिबात सोडू नका, फक्त प्रश्न बदला. निळा रंग, पाणीपुरी, संपलं, ह्याच्यापुढं विचारायला काही उरतच नाही हो. सात-आठ वर्षांच्या पोराला स्वतःला काय येतं आणि त्यानं काय बघितलंय ते सांगायला आवडतं. म्हणून तीनच प्रश्न ठेवा: घरी तुझ्याकडं कुठलं काम असतं, दुसऱ्याला शिकवशील असं तुला काय येतं, आणि शाळेत येताना वाटेत काय काय लागतं. ह्यात टोळीतलं पोर कुठंच कमी पडत नाही, उलट कोपी, म्हणजे टोळीची राहायची झोपडी, कशी उभी करतात, पहाटे बैलगाडी कशी जुंपतात हे तुमच्या वर्गात त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"बाबा काय करतात" मात्र काढून टाका. तसंच सुट्टीत कुठं गेला होतास, वाढदिवसाला काय मिळालं, हेही नको, कारण एकाची यादी लांबते आणि दुसरा खाली मान घालतो. आणि आडनावावरून गप्पा सुरू झाल्या की मोठ्यांचे हिशोब लगेच वर्गात येतात, ते तर नकोच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आधी तुम्ही करून दाखवा. एका मुलीला पुढं बोलवा आणि तिला तुमची मुलाखत घेऊ द्या. ती विचारेल, "बाई, तुम्हाला काय येतं?" तुम्ही म्हणा, "मला भाकरी येते," आणि गप्प बसा. वर्ग हसेल, मग तुम्हीच विचारा, आता हिनं पुढं काय विचारायला पाहिजे? कुणीतरी म्हणेल, कुणी शिकवली? दुसरं म्हणेल, पहिली करपली का? मग खरं काय झालं होतं ते रंगवून सांगा. उत्तर आलं की त्यातलंच काहीतरी धरून पुढं विचारायचं, हे लहान मुलांना बघितल्याशिवाय कळत नाही, नुसतं सांगून तर नाहीच नाही.

मुलाखतीच्या वेळी वह्या बंद. तिसरीतलं पोर लिहायला लागलं की समोरच्याकडं बघतच नाही, सगळा जीव काना-वेलांटीत. फार तर शेवटी जोडीदारानं सांगितलेल्या एका गोष्टीचं चित्र काढू द्या. वाचायची अडचण असलेली तुमची ती मुलगीसुद्धा ह्यात बरोबरीनं उतरेल. एकाला पाच मिनिटं, मग घंटा, मग अदलाबदल. जोड्या तुम्हीच लावा, मुलांवर सोडलं तर शेजारचा शेजाऱ्याला धरतो. तिघं नवीन एकमेकांच्या वाट्याला द्यायचे नाहीत. पट विषम असला तर एक तिघांचा गट करा, चालतं.

नंतर प्रत्येकानं स्वतःची नाही, जोडीदाराची ओळख करून द्यायची. आपल्याबद्दल दुसरं कुणीतरी चारचौघांत चांगलं बोलतंय हे ऐकताना मुलाचा चेहरा बघा तुम्ही! पण सगळ्यांची ओळख एका दिवसात उरकू नका, मुलं कंटाळतात, परिपाठात रोज दोन-तीन जोड्या घ्या. आणि उभं राहायच्या आधी जोडीदाराला विचारायचं, हे सांगितलं तर चालेल का? नको म्हणाला तर ते सांगायचं नाही. हा नियम फार कडक पाळा.

नुसत्या मुलाखतीवरही थांबू नका, त्याच जोडीला आठवडाभर एक काम द्या, झाडांना पाणी घाला, नाहीतर खिचडीच्या वेळी ताटं वाटा. आपल्या शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातीची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कामंही आपापसात वाटून करायची. हाताला काम असलं की तोंडही आपोआप उघडतं.

एखादं मूल तरी गप्पच राहील. त्याला पहिल्या फेरीत फक्त प्रश्न विचारू द्या, उत्तर द्यायची सक्ती नको. त्याच्याबरोबर वर्गातलं सगळ्यात बडबडं पोर लावायचा मोह होतो, पण ते सगळा वेळ स्वतःच खातं, त्यापेक्षा शांत, ऐकून घेणारं पोर बघा.

आणि एक, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की टोळी जाणार, बरोबर ती दोघंही. त्याच्या बऱ्याच आधी जोड्या बदलून दुसरी फेरी घ्या, आणि ह्या वेळी फळ्यावर काहीच लिहू नका, प्रश्न मुलांनाच काढू द्या.