मोबाइलचं उत्पादन चीनमधून भारतात आणणं इतकं अवघड का?

मजूर स्वस्त मिळाले की कारखाना हलवता येतो असं अनेकांना वाटतं, पण खरं घोडं अडतं सुट्या भागांपाशी. फोनच्या बोर्डावर मोहरीच्या दाण्याहून बारीक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग, शेकड्यांनी बसतात. ते रिळांवर गुंडाळून येतात आणि एखादं रीळ कस्टममध्ये अडकलं की अख्खी लाइन थांबू शकते. चीनमधल्या शेन्झेनमध्ये असा माल त्याच शहरातल्या पुरवठादाराकडे मिळतो. आपल्याकडे आयफोनची जुळणी २०१७ पासून होते, पण त्याची मुख्य चिप बाहेरूनच येते.

दुसरी अडचण माणसांची, आणि मला तीच जास्त गंभीर वाटते. डिसेंबर २०२० मध्ये कोलारजवळच्या नरसापुरात आयफोन जुळवणाऱ्या विस्ट्रॉन कंपनीच्या कामगारांनी थकलेल्या पगारावरून तोडफोड केली. पुढच्याच वर्षी चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमध्ये आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यातल्या मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली. त्यांच्या मैत्रिणींनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग अडवला आणि कारखाना काही आठवडे बंद राहिला. गाव सोडून आलेल्या हजारो तरुण मुलींना नीट खोली, स्वच्छ जेवण आणि वेळेवर पगार मिळायलाच हवा. ही व्यवस्था कारखान्याच्या आधी उभी राहिली पाहिजे.

वीज आणि जमिनीचे प्रश्न आहेतच, पण मोठ्या औद्योगिक वसाहतींत ते बऱ्यापैकी सुटतात.