सात आठे किती?

प्रश्न : वय ४६, काम रोजच्या हिशेबाचं. तरीही ७ × ८ आलं की अडखळते. कधी ४८ तोंडात येतं, कधी ५४. खात्रीसाठी 'सात एके सात'पासून पाढा म्हणत यावं लागतं. २५ × ४ मात्र लगेच येतं. हे वयामुळे का?

उत्तर : वयाला दोष देऊ नका. ७ × ८ वर तरुणही अडतात आणि त्यांची चुकीची उत्तरंही बहुधा हीच असतात. ४७ किंवा ५३ सहसा कुणी म्हणत नाही. ७ आणि ८ दिसताच दोन्ही पाढ्यांतली शेजारची उत्तरं, ४९, ६३, ४८, ६४, एकदम जागी होतात आणि त्या गर्दीत ५६ मागे पडतं. ५४ हे ६ × ९ चं, तेही जवळचंच.

पाढा ओळीने पाठ झाला की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला धरून येते. म्हणून तो पुन्हा घोकून फायदा नाही; गुणाकार सुटा विचारायला हवा.

ओझं वाटतं तेवढं नाही. २ ते ९ मधल्या जोड्या, उलटसुलट एकच धरून, ३६ होतात. २ आणि ५ चे पाढे व ६ × ६ सारखे वर्ग बहुतेकांचे पक्के असतात. ९ साठी दहापटीतून एकदा वजा करावं : ७० − ७ = ६३. उरतात फक्त दहा : ३ × ४, ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ४ × ६, ४ × ७, ४ × ८, ६ × ७, ६ × ८, ७ × ८.

यातले अडणारेच चिठ्ठ्यांवर लिहा, मागे उत्तर. रोज पाच मिनिटं, क्रम मोडून. तीन सेकंदांत आठवलं नाही तर अंदाज ठोकू नका, चिठ्ठी उलटा. बोललेलं चुकीचं उत्तरही डोक्यात रुजतं. ६ × ८ आणि ७ × ८ सुरुवातीला एकाच दिवशी घेऊ नका. जमलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पाहा.

ऐनवेळी अडलात तर ७ ची तीनदा दुप्पट करा : १४, २८, ५६. यात कमीपणा नाही. पुष्कळ मोठी माणसं काही गुणाकार असेच काढतात.

प्रश्न : घाईत ६ × ० = ६ लिहिलं जातं. असं का?

उत्तर : ६ + ० आणि ६ × १ या दोन्हींचं उत्तर ६ येतं, त्यांच्याशी गल्लत होते. इथे आठवायचं काही नाही, नियम लावायचा. गुणाकारात शून्य दिसलं की दुसरा आकडा न बघता ० लिहा.