बीटलला हेडर बसवलं, आता जेट मोठा टाकू का?

प्रश्न : नमस्कार. माझी १९७१ ची फोक्सवॅगन बीटल आहे, १६०० सीसी ड्युअल पोर्ट इंजिन, सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब (कार्ब्युरेटर). हीटर बॉक्स (एक्झॉस्टच्या गरमीने गाडीत ऊब देणारे डबे) आणि सायलेन्सर सडले होते म्हणून काढून त्यांच्या जागी साधे जे-पाइप आणि फोर-इन-वन हेडर (चारही सिलेंडरचा धूर एकत्र आणणारा एक्झॉस्ट) बसवलं. आवाज मस्त येतोय पण रेस सोडली की मागे फटफट बॅकफायर होतं, आणि मुंबईहून परत येताना खंडाळा घाटात गाडी ओढत नाही, इंजिनही फार तापतं. मेकॅनिक म्हणतो मेन जेट (कार्बमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) मोठा टाका, सगळं जाईल. टाकू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टाकायचाय, पण सगळ्यात शेवटी. आत्ताच टाकलात तर खरा बिघाड झाकला जाईल आणि पेट्रोल मात्र जास्त जाईल.

आधी तापण्याचं बघा कारण त्यातच ही इंजिनं जातात. पंख्याची हवा हेच या इंजिनाचं कूलिंग, आणि पंख्याच्या पत्र्याच्या घराला दोन तोंडं असतात, तिथून जाड पाइपने हीटर बॉक्सला हवा जायची. बॉक्स काढलेत, मग ती तोंडं उघडीच राहिली असतील तर सिलेंडरवर जायची हवा तिथूनच बाहेर निघून जातेय. दोन्ही घट्ट बंद करा. काम करताना काढलेले मागचे पत्रे आणि इंजिनभोवतीचं रबरही जागेवर हवं, नाहीतर खालची गरम हवाच पंखा परत ओढतो.

बॅकफायर बहुतेक वेळा जॉइंटमुळे होतं. रेस सोडल्यावर लीक जॉइंटमधून बाहेरची हवा पाइपात शिरते आणि न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं. थंड इंजिन चालू करून जाड कापडाने टेलपाइप क्षणभर दाबा, कुठे फुसफुस येते ते लगेच कळेल. नवे गॅस्केट दोनचार वेळा तापून थंड झाले की नट परत आवळायचे, हे कुणी करत नाही.

अजून एक, कार्बखालच्या मॅनिफोल्डला एक बारीक पाइप चिकटलेला असतो, एक्झॉस्टची गरमी त्यातून कार्बखाली येते. काही हेडरना त्याची जोडणीच नसते. मग लांब मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल नीट वाफ होत नाही आणि पिकअपला गाडी अडखळते, जेट बदलून हे जात नाही.

आता टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर ०.१५ मिमी, पॉइंट गॅप (डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट) ०.४ मिमी, ठिणगीचं टायमिंग लाइटने बघून, आणि मगच जेट. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, १२७.५ म्हणजे १.२७५ मिमी, आणि पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढतं. त्यामुळे १२७.५ च्या जागी १३२.५ टाकला की पेट्रोल सुमारे ८ टक्के जास्त. आणि आपल्याकडे पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, त्यात इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे हेडर नसतं तरी जेट थोडा मोठा लागलाच असता! हेडरसाठी वेगळं म्हणाल तर सिंगल कार्बच्या स्टॉक (कंपनीचं मूळ) इंजिनला फार काही लागत नाही. १३० पासून सुरू करा, चढावर पूर्ण लोडला चालवून, बाजूला सुरक्षित जागा असेल तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि थांबून प्लग काढून बघा. फिकट तपकिरी म्हणजे बरोबर, पांढरा असेल तर एक नंबर मोठा, काळा, काजळीचा असेल तर एक नंबर छोटा. जुने रबरी पेट्रोल पाइपही याच कामात बदला, इथेनॉलने ते चिरतात आणि गळती गरम इंजिनवर होते.

आयडलिंग लावताना थ्रॉटलचा स्क्रू फिरवू नका. बाजूला मोठा बायपास स्क्रू आहे, स्पीड त्यानेच ८५० च्या आसपास आणा, आणि छोट्या स्क्रूने मिक्श्चर : हळूहळू फिरवून जास्तीत जास्त आरपीएम शोधा, मग आत घेत साधारण २५-३० आरपीएम कमी करा.

प्रश्न : त्यापेक्षा ट्विन ४० आयडीएफ वेबर (दोन वेबर कार्ब) टाकले तर?

उत्तर : स्टॉक कॅमवर २८ मिमीचा व्हेंचुरी (कार्बमधली हवेची अरुंद वाट) घेतलात तर छान चालतात, मॅनिफोल्ड आखूड असल्याने कार्बखालच्या गरमीचीही गरज पडत नाही. पण दोन्ही कार्ब आणि लिंकेज एकमेकांशी जुळवायला एअर फ्लो मीटर आणि ते कळणारा माणूस लागतो. वरची कामं झाल्याशिवाय त्यात पडू नका, हवेचे लीक आणि उघडी तोंडं वेबरलाही तशीच त्रास देतील.